बाटलीतली बाळं आणि किराण्याची फळी

कारखान्यात माणसं तयार होत असतील तर आवाज कसा येत असेल? १९५६च्या जानेवारीत अमेरिकेतल्या सी.बी.एस. रेडिओवर हा प्रश्न अत्यंत गंभीरपणे हाताळला गेला. तीन ध्वनिकलाकार, एक इंजिनिअर आणि पाच तास. टिकटिकणारा मेट्रोनोम, ढोलाचे ठोके, पाण्याचे बुडबुडे, हवेची नळी, वाइनच्या पेल्यांची किणकिण आणि, का ते विचारू नका, गाईचं हंबरणं. सगळं टेपवर घेतलं, तरी बाळं काही होईनात. मग टेप उलटी वाजवली, वर थोडा घुमारा दिला आणि बाळं होऊ लागली. श्रोत्यांना ती ऐकू आली अर्ध्या मिनिटाहून कमी वेळ.

हे नाटक म्हणजे आल्डस हक्सलीच्या १९३२च्या ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ कादंबरीचं नभोनाट्य. २७ जानेवारीला पहिला भाग, ३ फेब्रुवारीला दुसरा. ‘सी.बी.एस. रेडिओ वर्कशॉप’ या नव्या मालिकेचा नारळ यानेच फुटला. संगीत बर्नार्ड हर्मनचं, म्हणजे पुढे ‘सायको’च्या व्हायोलिनींनी जगाला न्हाणीघरात जायची भीती घालणाऱ्या माणसाचं. आणि निवेदन खुद्द हक्सलीसाहेबांचं.

हक्सलीच्या जगद्राज्यात कालगणना मोटारवाल्या फोर्डपासून सुरू होते. एका बीजापासून शहाण्णवपर्यंत एकसारखी माणसं काढता येतात. आल्फापासून एप्सिलॉनपर्यंत माणसाच्या पाच पायऱ्या आहेत आणि कोण कुठल्या पायरीवर हे जन्माआधीच ठरलेलं असतं. (हा भाग विज्ञानकथेत का घातला, असा प्रश्न आपल्याकडच्या वाचकाला पडेल.) कोणाला उदास वाटलं तर सोमा नावाची गोळी. आणि मुलं झोपली की त्यांच्या उशीखालून एक आवाज रात्रभर तीच ती वाक्यं सांगत राहतो. बासष्ट हजार चारशे वेळा ऐकलं की वाक्य सत्य होतं, असा तिथला हिशेब आहे.

उशीखालचा हा आवाज म्हणजे रेडिओच, फक्त बंद करायचं बटण नसलेला. बटण असलं की काय होतं ते आपण पाहिलं आहे. नभोनाट्याच्या त्याच दशकात आपले नभोवाणीमंत्री बा. वि. केसकर, मराठीच गृहस्थ, यांनी सिनेमाची गाणी जनतेच्या कानांना बाधक ठरवून आकाशवाणीवरून हटवली. जनतेने काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन गाठलं. श्रोते जागे असताना संस्कार करायला गेलं की असा घोटाळा होतो.

माझा जगद्राज्यावर मुख्य आक्षेप मात्र खर्चाचा आहे. बाटल्या, सरकते पट्टे, खालच्या पायऱ्यांच्या गर्भांना प्राणवायू कमी देण्याची यंत्रणा, पुस्तकाकडे रांगत जाणाऱ्या तान्ह्यांना विजेचे झटके, वर सगळ्यांना सोमा. एवढा पसारा कशासाठी, तर माणसांनी एकसारखं वागावं म्हणून! हे नभोनाट्य ज्या कंपनीने सादर केलं, तिच्याच दफ्तरात याहून किती स्वस्त पद्धत होती.

डिसेंबर १९५०मध्ये सी.बी.एस.ने आपल्या नोकरांना एक छापील प्रश्नावली दिली. तुम्ही कम्युनिस्ट पक्षात आहात का? कधी होता का? उत्तरं लिहा, खाली सही करा. तिथले नावाजलेले बातमीदार एडवर्ड मरो यांनीही सही केली. हेच मरो ९ मार्च १९५४च्या रात्री टेलिव्हिजनवर, जिकडेतिकडे कम्युनिस्ट शोधत फिरणाऱ्या सिनेटर मॅकार्थीला थेट अंगावर घेणार होते. एवढी धमक असलेल्या माणसाकडूनही सही मिळाली, आणि त्यासाठी कोणाचा प्राणवायू तोडावा लागला नाही. एक पेन पुरलं.

त्याआधी, जून १९५०मध्ये, ‘रेड चॅनल्स’ नावाची पुस्तिका निघाली होती. मुखपृष्ठावर मायक्रोफोन पकडणारा लाल पंजा, किंमत एक डॉलर. आत रेडिओ-टेलिव्हिजनशी संबंधित १५१ कम्युनिस्ट-संशयितांची नावं, बाराखडीच्या शिस्तीत, आणि प्रत्येकापुढे त्याने कुठे सही केली, कुठल्या सभेला हजर राहिला त्याची यादी. खटला नाही, आरोपपत्र नाही. ऑर्सन वेल्स, लेनर्ड बर्नस्टाइन, रेडिओ-लेखनातला दादा माणूस नॉर्मन कॉर्विन. जिप्सी रोझ ली हे नावही त्यात आहे. या बाई रंगमंचावर एकेक कपडा उतरवण्यासाठी प्रसिद्ध होत्या. त्यांच्याजवळ काही लपवलेलं असेल असा संशय यायला प्रतिभाच लागते.

पण खरा जगन्नियंता ना प्रश्नावलीवाला होता, ना पुस्तिकावाला. तो होता न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज गावचा लॉरेन्स जॉन्सन, काही सुपरमार्केटांचा मालक. रेडिओ आणि टीव्ही चालत साबण-टूथपेस्टच्या पैशावर, आणि साबण-टूथपेस्ट विकली जाई जॉन्सनसारख्यांच्या फळीवर. त्याने एका टूथपेस्ट कंपनीला सुचवलं की तुमच्या मालाशेजारी आपण मतपत्रिका ठेवू. कम्युनिस्टधार्जिण्या नटांना पोसणारी टूथपेस्ट हवी की नको, ते गिऱ्हाइकच ठरवील. हुकूमशहा मतपेटीला घाबरतो असं आम्हाला नागरिकशास्त्रात शिकवलं होतं. जॉन्सनने ती दात घासण्याच्या सामानात मांडायची तयारी दाखवली होती.

मग अशा हवेत ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ प्रसारित झालंच कसं? उत्तर फारसं उदात्त नाही. श्रोते टेलिव्हिजनकडे गेले, त्यांच्यामागे जाहिरातदार गेले. वर्कशॉपला प्रायोजकच नव्हता, त्यामुळे कुठल्या फळीवरून काही उतरवण्याची धमकी देता येत नव्हती. ज्या वेळेला गिऱ्हाईक उरलं नाही, ती वेळ विचारांना देण्यात आली.

निवेदकही त्या मानाने योग्यच मिळाला. हक्सली हा ‘हो’ म्हणण्यात मुळातच कच्चा. १९२५मध्ये मुंबईच्या धक्क्यावर उतरला, देश फिरला आणि ताजमहालाने निराशा केली असं छापून मोकळा झाला. १९५३मध्ये त्याने अमेरिकेचं नागरिकत्व मागितलं. देशासाठी शस्त्र उचलाल का? नाही. का, धर्म आड येतो? तेही नाही. धर्माचं कारण दिलं असतं तर कायद्यात पळवाट होती. याने तेवढंही खोटं बोलायचं नाकारलं. प्रकरण लांबणीवर पडलं, शेवटी त्याने अर्जच मागे घेतला. एकसारखेपणावरच्या नाटकाचा निवेदक असा, छापील नमुन्यात न बसलेला.

कादंबरीत हेल्महोल्ट्झ वॉटसन नावाचं पात्र आहे. तो लेखन शिकवणारा अध्यापक आणि झोपेत ऐकवायच्या वचनांचा कवी. तो बिघडतो, तेव्हा राज्याचा नियंता त्याला समोर बसवून कारणं सांगतो आणि वर विचारतो, कुठलं बेट हवं? वॉटसन फॉकलंड निवडतो, कारण वाईट हवेत चांगलं लिहून होईल अशी त्याची समजूत. काळ्या यादीतल्या खऱ्या लेखक-नटांना बेट मिळालं नाही आणि कारणही. जाहिरात एजन्सीकडे नावं जात आणि फोनवर उत्तर येई, हा चालेल, हा नाही. पुढे न्यायालयात एका निर्मात्याने साक्ष दिली की आठ वर्षांच्या एका मुलीचं नावही असंच परत आलं होतं, वडील संशयित म्हणून.

ती साक्ष झाली जॉन हेन्री फॉक याच्या खटल्यात. टेक्ससच्या गप्पा रंगवून सांगणारा हा सी.बी.एस.च्याच न्यूयॉर्क केंद्राचा लाडका निवेदक. कलाकारांच्या संघटनेत काळ्या यादीविरुद्ध निवडणूक लढवून तो आणि त्याचे सोबती जिंकले होते. फेब्रुवारी १९५६मध्ये, नभोनाट्याचा दुसरा भाग होऊन जेमतेम आठवडा उलटला असेल, ‘अवेअर’ नावाच्या कम्युनिस्टविरोधी संस्थेच्या पत्रकात फॉकवर आरोप छापून आले. त्याने जूनमध्ये दावा लावला. पुढल्या वर्षी सी.बी.एस.ने त्याला काढलं. १९६२मध्ये ज्यूरीने त्याला पस्तीस लाख डॉलर भरपाई दिली, वरच्या न्यायालयाने ती साडेपाच लाखांवर आणली. दाव्यातला एक प्रतिवादी, आपला किराणावाला जॉन्सन, निकालाच्या तोंडावर वारला.

फॉकने या छळावर ‘फिअर ऑन ट्रायल’ नावाचं पुस्तक लिहिलं. १९७५मध्ये त्याच नावाचा टीव्ही-चित्रपट निघाला. तो दाखवला सी.बी.एस.ने.