कवचधारी नवस्वार

मुंबईच्या उपनगरांतील सामाजिक प्रकारांची नोंद करताना सोसायटीचा सेक्रेटरी, लोकलमधील भजनी मंडळाचा म्होरक्या आणि हास्यक्लबाचा संस्थापक यांच्याकडे जेवढे लक्ष गेले, तेवढे नवस्वाराकडे गेलेले नाही. ज्या नोकरदार गृहस्थाने वयाच्या चाळिशीच्या आसपास प्रथमच मोटारसायकल शिकण्याचे ठरविले आहे आणि गाडी घेण्यापूर्वीच तिच्यावर बसताना घालावयाच्या सर्व वस्तूंची खरेदी पूर्ण केली आहे, तो नवस्वार. ‘नवशिका’ या जुन्या शब्दाने त्याचे वर्णन पुरे होत नाही; कारण नवशिक्याला काही येत नसते आणि ते त्याला ठाऊक असते, तर नवस्वाराला प्रत्यक्ष गाडी चालविणे वगळता गाडीविषयीचे बाकी सर्व येते. या मंडळींच्या बोलीत ‘गिअर’ या शब्दाला दोन अर्थ आहेत: एक इंजिनाची शक्ती चाकापर्यंत टप्प्याटप्प्याने नेणारी दातेरी रचना, आणि दुसरा हेल्मेट, जॅकेट, हातमोजे, बूट असा अंगावरचा साज. नवस्वाराला दुसऱ्या अर्थाचा गिअर आधी पडतो. पहिल्या अर्थाचा पुढे बराच काळ पडता पडत नाही.

या प्रकाराचे मूळ लोकलमध्ये शोधावे लागते. नवस्वाराने पंधरा-वीस वर्षे बोरिवली किंवा मुलुंडहून गर्दीच्या वेळी प्रवास केलेला असतो, बॅग पोटाशी धरून, एक पाय आत आणि दुसरा कोणाच्या तरी चपलेवर ठेवून तो फास्ट लोकलच्या दारात लटकलेला असतो, आणि त्या काळात त्याने स्वतःच्या गुडघ्यांच्या संरक्षणाचा क्षणभरही विचार केल्याचा पुरावा उपलब्ध नाही. तोच गृहस्थ पुढे सोसायटीच्या फाटकापासून दूध केंद्रापर्यंत जाण्यासाठी दोन्ही गुडघ्यांना युरोपीय दर्जाचे कवच बांधतो. टीकाकार यास विसंगती म्हणतात. तिचा निकाल शेवटी लावता येईल.

गाडीची इच्छा मात्र चाळिशीत उपजलेली नसते. वडिलांनी वर्षानुवर्षे नंबर लावून मिळविलेल्या चेतकवर पुढे उभे राहून, वाऱ्याने डोळे मिटत, त्याने ती बालपणीच जोपासलेली असते. महाविद्यालयात असताना आईने ‘नोकरी लागल्यावर घे’ असे सांगितलेले असते, नोकरी लागल्यावर ‘लग्न होऊ दे’ असे, आणि लग्नानंतर हे खाते पत्नीकडे वर्ग होऊन ‘मुले मोठी होऊ देत’ या मुद्द्यावर स्थिरावलेले असते. अखेर कार्यालय सीप्झ, पवई किंवा ऐरोलीला हलते, उत्तर-दक्षिण धावणारी लोकल त्या पूर्व-पश्चिम प्रवासाला पुरेनाशी होते, आणि जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर रिक्षात बसून मीटरकडे पाहण्यात दोन पावसाळे गेल्यावर घरातील सर्व हरकती संपुष्टात येतात. अशा रीतीने मिळालेल्या परवानगीला एकच अट असते: ‘पण सांभाळून.’ नवस्वाराचे संपूर्ण शास्त्र या दोन शब्दांवरील भाष्य आहे.

भाष्याचा पहिला अध्याय हेल्मेटचा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२९ नुसार दुचाकीवर हेल्मेट सक्तीचे आहे आणि १ जून २०२१ पासून देशात भारतीय मानक ब्युरोने प्रमाणित केलेलीच दुचाकी हेल्मेटे विकण्याची मुभा आहे, एवढी माहिती सामान्य माणसास पुरते. नवस्वारास ती पुरत नाही. त्यास आयएसआय चिन्हामागील आयएस ४१५१ हा मानक क्रमांक पाठ असतो आणि युरोपातील ईसीई २२.०५ व २२.०६ यांतील फरकावर तो जेवणाच्या सुट्टीत बोलू शकतो. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून प्रसिद्ध असलेले टी. ई. लॉरेन्स १९३५ मध्ये मोटारसायकलवरून पडून सहा दिवसांनी मरण पावले, त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांपैकी ह्यू केर्न्स या मेंदूशल्यविशारदाने पुढे दुचाकीस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास करून १९४१ मध्ये हेल्मेटचे महत्त्व मांडले, हा इतिहास तो सहकाऱ्यांना सांगतो, आणि सहकारी डबे आवरू लागतात.

हेल्मेटच्या दुकानातील त्याचे वर्तन जवळून पाहण्यासारखे असते. घरून निघण्यापूर्वी त्याने पत्नीच्या शिवणकामाच्या टेपने भुवयांच्या बोटभर वरून डोक्याचा घेर मोजलेला असतो. तो अठ्ठावन्न सेंटीमीटर, म्हणजे बहुतेक कंपन्यांच्या हिशेबाने मध्यम माप. परंतु दुकानदार ‘आरामात बसेल’ म्हणून एक माप मोठे पुढे करतो. नवस्वार ते नम्रपणे परत करतो, कारण नवे हेल्मेट आरामात बसले तर ते अपघातात आरामात निघूनही जाते. हेल्मेटच्या कठीण कवचाखाली थर्माकोलच्याच जातीचा, पण अधिक दाट असा थर असतो, आघाताच्या वेळी तो स्वतः चिरडून डोक्यास मिळणारा धक्का सौम्य करतो, आणि एकदा चिरडला की पूर्ववत होत नाही. म्हणून मार बसलेले हेल्मेट टाकून द्यावयाचे असते, आणि हा थर आपले काम करण्यासाठी हेल्मेट डोक्यास घट्ट असावे लागते. गाल दाबले जाऊन बोलताना ते दाताखाली आले पाहिजेत, मान हलवली असता गालाची कातडी हेल्मेटबरोबर सरकली पाहिजे, आणि हनुवटीचा पट्टा बांधून मागून पुढे ढकलले तरी ते डोक्यावरून सुटता कामा नये. या तिन्ही कसोट्या पार पडल्यावर कपाळावर कोठे टोचते काय हे पाहण्यासाठी तो डोक्यात हेल्मेट तसेच ठेवून वीस मिनिटे स्टुलावर बसून राहतो. या अवधीत इतर तीन गिऱ्हाइके रंग पाहून, हेल्मेट घेऊन, पैसे देऊन निघून गेलेली असतात. नवस्वार बंद काचेआडून दुकानदारास काहीतरी विचारतो आणि दुकानदार प्रत्येक वेळी ‘काय म्हणालात?’ असे विचारतो.

गाडीबरोबर कंपनीने नियमाप्रमाणे द्यावयाचे हेल्मेट मागे बसणाऱ्या पत्नीस वापरता येईल, असा एक हिशेब त्याने केलेला असतो. ‘म्हणजे तुमचं डोकं बारा हजारांचं आणि माझं गाडीवर फ्री?’ या प्रश्नाला कोणत्याही मानकात उत्तर नाही. शिवाय जून २०२२ पासून मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी मागे बसणाऱ्याच्या हेल्मेटसाठीही कारवाई सुरू केल्याने कायदा पत्नीच्या बाजूने असतो. दुसऱ्या रविवारी त्याच दुकानातील तेच स्टूल पुन्हा वीस मिनिटे अडते.

दुसरा अध्याय जॅकेटचा. रायडिंग जॅकेटच्या खांद्यांत व कोपरांत जी कवचे असतात त्यांस ‘आर्मर’ म्हणतात, आणि ईएन १६२१ या युरोपीय मानकानुसार त्यांची परीक्षा पन्नास ज्यूलचा आघात करून घेतली जाते: पलीकडे सरासरी पस्तीस किलोन्यूटनपर्यंत बल पोहोचले तर पहिला स्तर, वीसपर्यंतच पोहोचले तर दुसरा. कोपरासाठी युरोपात असे स्वतंत्र कवच असते. मुंबईत ते काम अनेक जण हेल्मेटवरच भागवितात आणि पुढच्या नाक्यावर पोलीस दिसेपर्यंत ते तेथेच अडकवून ठेवतात. नवस्वार अर्थातच दुसऱ्या स्तराचे कवच घेतो. मे महिन्यात, अंधेरीच्या दमट दुपारी, आरशासमोर त्या जॅकेटची पहिली चाचणी होते. जाळीदार कापडातून वारा खेळतो हे विक्रेत्याचे म्हणणे खरे असते, मात्र त्यासाठी गाडी चालू असावी लागते आणि गाडी अद्याप शोरूममध्ये असते. या वेशात तो प्रथमच इमारतीखाली उतरून परत येतो तेव्हा सोळा वर्षे ओळखीचा असलेला वॉचमन नोंदवही पुढे करून विचारतो, ‘किस फ्लॅट में जाना है?’

वरातीमागून घोडे, अशी म्हण आहे. नवस्वाराचे खोगीर वरातीच्या महिनाभर आधी पोहोचलेले असते. घोडामैदान मात्र त्यानंतर येते. शिकाऊ अनुज्ञप्ती, म्हणजे लोकभाषेत कच्चे लायसन्स, सहा महिने चालते, आणि ते मिळाल्यापासून किमान तीस दिवसांनी पक्क्या लायसन्सची परीक्षा देता येते. तोवर गाडीस पुढे-मागे अठरा सेंटीमीटर चौरसाच्या पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ लावावा लागतो. नवस्वार तो पट्टी घेऊन मोजून लावतो. उपनगरांतील मोटार ट्रेनिंग स्कूलच्या पाटीवर चित्र मोटारीचे असते आणि दुचाकीचे शिक्षण हे तिचे दुय्यम अंग असते. उरलेली विद्या भाऊ, मित्र किंवा शेजारी यांच्याकडून आरे कॉलनीच्या झाडांखालील रस्त्यांवर पहाटे संपादन करण्याची येथील परंपरा आहे.

या विद्येत नवस्वाराची अडचण अज्ञानाची नसते. चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टईच्या शर्यतमार्गावर चालणाऱ्या कॅलिफोर्निया सुपरबाइक स्कूलच्या शिक्षणपद्धतीवर तो बोलू शकतो. वेगात असताना गाडी डावीकडे वळविण्यासाठी डावी मूठ पुढे ढकलावी लागते, ज्यास ‘काउंटरस्टीअरिंग’ म्हणतात, हेही तो जाणतो. अडचण एवढीच की, काउंटरस्टीअरिंगसाठी लागणारा वेग येण्यापूर्वी क्लच सोडावा लागतो. क्लच हळूहळू सोडताना एका विशिष्ट जागी तो इंजिनाला अर्धवट पकडतो, गाडी किंचित थरथरते आणि पुढे जाऊ पाहते. त्या जागेस ‘हाफ क्लच’ म्हणतात, आणि ती जागा व्हिडिओत दिसत नाही, डाव्या हाताच्या बोटांनाच कळते. नवस्वार गाडी सात वेळा बंद पाडतो. प्रत्येक वेळी तो खाली वाकून क्लचकडे पाहतो, जणू दोष तेथे लिहिलेला आहे. पायात स्लीपर घातलेला शिक्षक सात वेळा काही बोलत नाही आणि आठव्या वेळी म्हणतो, ‘साहेब, खाली बघू नका. खाली बघाल तर खालीच जाल.’

हे वाक्य जगातील कोणत्याही दुचाकी अभ्यासक्रमाचे सार आहे. स्वार जिकडे पाहतो तिकडे गाडी वळते. खड्ड्याकडे टक लावून पाहणारा खड्ड्यात जातो आणि खड्ड्याच्या बाजूच्या मोकळ्या रस्त्याकडे पाहणारा वाचतो. परीक्षेत काढावा लागणारा आठाचा आकडा याच तत्त्वावर चालतो: क्लच अर्धा, मागचा ब्रेक किंचित दाबलेला, आणि नजर पुढच्या वळणाच्या टोकावर. परीक्षेच्या दिवशी, मग ती अंधेरीच्या एमएच-०२ ची असो, बोरिवलीच्या एमएच-४७ ची असो वा पूर्व उपनगरांच्या एमएच-०३ ची, रांगेत सर्वांत सुरक्षित आणि सर्वांत घामाघूम उमेदवार नवस्वारच असतो. छायाचित्राशी चेहरा जुळवून पाहण्यासाठी त्यास चष्मा, हेल्मेट आणि त्याखालील कापडी टोपडे या क्रमाने उतरवावे लागते.

लायसन्स मिळाल्यावर त्यास भूगोल भेटतो. जगप्रवासास पुरेल एवढा साज असला तरी २००९ चा वांद्रे-वरळी सागरी सेतू, २०२४ चा अटल सेतू आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, हे तिन्ही दुचाकीस बंद आहेत. उरतो तो घोडबंदर रस्ता, जुन्या महामार्गाने खंडाळा, किंवा राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकाबाहेरचा चहा. उपप्रकार येथे स्पष्ट होतात: अंधेरीचा नवस्वार चहापेक्षा छायाचित्राकडे अधिक लक्ष देतो, बोरिवलीचा घरून थालीपीठ आणतो, मुलुंडचा साखळीला तेल घातल्याच्या तारखांची वही ठेवतो, आणि घाटकोपरचा सर्वांना त्यांनी हातमोज्यांसाठी किती जास्त पैसे मोजले ते सांगतो.

त्याचे पहिले पतन बहुधा जूनमध्ये होते, आणि ते घाटात होत नाही. पहिल्या सरीने निसरड्या झालेल्या पेव्हर ब्लॉकवर, सिग्नलला, ताशी शून्य किलोमीटर वेगाने, पाय टेकताना टाच सरकते आणि दीडशेहून अधिक किलोंची गाडी सावकाश आडवी होते. भोवतालचे रिक्षावाले हसत हसत गाडी उचलून देतात. गुडघा शाबूत असतो, कोपर शाबूत असते, तळहातावर ओरखडा नसतो. लागते ते केवळ प्रतिष्ठेला, आणि प्रतिष्ठेच्या कवचासाठी युरोपीय मानक अद्याप तयार झालेले नाही.

नवस्वारास हसणाऱ्यांत हेल्मेट न घालणारे अग्रभागी असतात, ही गोष्ट नोंदण्यासारखी आहे. पुण्यात १ जानेवारी २०१९ पासून हेल्मेटसक्तीची कडक अंमलबजावणी सुरू झाली तेव्हा तिच्याविरुद्ध मोर्चा निघाला. पुणेकर तत्त्वासाठी रस्त्यावर उतरतो, मुंबईकर तत्त्वाच्या भानगडीत न पडता नाका संपेपर्यंत हेल्मेट घालतो, आणि दोघांची डोकी सारखीच उघडी राहतात. हेल्मेटविना सापडल्यास हजार रुपये दंड आणि तीन महिने लायसन्सवर गदा, असे कलम १९४ड सांगते. पण दंडाची भीती ही पोलिसाची भीती असते, रस्त्याची नव्हे. नवस्वार रस्त्यास भितो. त्याची भीती हास्यास्पद दिसते, कारण ती पुस्तकी आहे, पण तिचा रोख बरोबर आहे.

प्रारंभी नोंदविलेल्या विसंगतीचा निकालही येथेच लागतो. लोकलच्या दारात लटकणाऱ्यास दुसरी जागा नव्हती. त्या धोक्यात त्याची निवड नव्हती, म्हणून त्याने त्याचा हिशेबही मांडला नाही. गाडीवर बसताना आयुष्यात प्रथमच त्यास स्वतःच्या हाडांविषयी निर्णय घेण्याची मुभा मिळाली, आणि वीस वर्षे साठलेला हिशेब त्याने एकाच रविवारी दुकानात चुकता केला. तो थोडा जास्त झाला असेल, चुकला नाही. नवस्वाराने एवढे लक्षात ठेवावे की जॅकेट विकत मिळते, हाफ क्लच मिळत नाही, आणि तो आरेच्या रस्त्यावर सकाळी घासूनच मिळवावा लागतो. त्यास हसणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की कायद्यास हेल्मेट केवळ डोक्यावर नव्हे, तर पट्टा बांधलेले हवे आहे. तो पट्टा बांधण्यास लागणारा वेळ लोकल अंधेरी स्थानकात थांबते त्याहून कमी असतो.