समुद्र काळ्या यादीत

मनोरीच्या एका नाखवांच्या धंद्यात ईआरपी, म्हणजे सगळा कारभार एका संगणकात मांडणारं सॉफ्टवेअर, बसलं ते त्यांच्या भाच्यामुळे. भाचा एमबीए करून आलेला, त्याला मामांची वही बघवेना. त्या तेलकट पुठ्ठ्याच्या वहीत डिझेल, बर्फ, खलाशांची उचल, बाजारातली उधारी सगळं होतं. फक्त ते मामीखेरीज कोणाला लागत नसे. "उद्या मामी आजारी पडली तर?" असा बिनतोड सवाल टाकून त्यानं सीप्झमधून सल्लागार बोलावले.

मंडळी मार्व्याहून फेरीबोटीनं, लॅपटॉप छातीशी धरून आली. पहिल्याच बैठकीत त्यांनी सांगितलं की सॉफ्टवेअरमध्ये जगातल्या उत्तमोत्तम धंद्यांच्या पद्धती आधीच भरलेल्या असतात; तेव्हा सॉफ्टवेअर धंद्यासारखं करत बसू नका, धंदाच सॉफ्टवेअरसारखा करा, स्वस्तात पडेल. हे अगदीच खोटं नाही. लिडल या बड्या जर्मन दुकानसाखळीनं नेमकं उलटं केलं. मालाचा हिशेब खरेदीच्या भावानं ठेवायची तिची रीत, आणि सॅपचं सॉफ्टवेअर धरणार विक्रीचा भाव. सात वर्षं ते सॉफ्टवेअर वाकवत बसले आणि 2018 साली सुमारे 50 कोटी युरो घालवून नाद सोडला. मामांकडे 50 कोटी युरो नसल्यामुळे धंदा वाकवायचं ठरलं.

पहिलं अडलं ते मापावर. मामी मासळी वाट्यानं विकते. वाटा म्हणजे किती, हे गिऱ्हाईक कोण, वेळ कोणती आणि बर्फ किती उरला यावर ठरतं. संगणकाला किलो हवा. "एका वाट्यात सरासरी किती ग्रॅम?" असं सल्लागारांनी नम्रपणे विचारलं. मामीनं विचारलं, "घेणारी कोण?" सल्लागारांनी ते 'प्रलंबित मुद्दे' या रकान्यात टाकलं. अजून तिथंच आहे.

मग नियोजनाचा मॉड्यूल आला. त्याचं वर्ष 1 एप्रिलला सुरू होतं आणि आठवडा सोमवारी. डोल जाळ्याचं तसं नसतं. ते पाण्याच्या ओढीवर भरतं, म्हणून अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला मासळी लागते आणि अष्टमीच्या सुमाराला, भांगाच्या दिवसांत, हात चोळत बसावं लागतं. तांडेलाला हे उपजत कळतं. संगणकानं मात्र भांगाच्या आठवड्याला 'कामगिरी असमाधानकारक' असा शेरा मारून तांडेलाच्या मोबाइलवर सुधारणेचा आराखडा मागवला. "मावरं काय तुझं कॅलेंडर बघून येतंय?" तांडेल भाच्याला म्हणाला. भाच्यानं हे उत्तर इंग्रजीत करून भरलं, तेव्हा संगणक गप्प बसला.

सुक्या बोंबलांनी तर चोरीचा आळ आणला. ओल्या बोंबलात पाणीच फार. वलांडीवर टांगून उन्हात वाळला की वजन कितीतरी उतरतं. संगणकाच्या लेखी सकाळी टांगलेला माल दोन-तीन दिवसांत गायब होत होता. त्यानं स्क्रीन लाल केली आणि जबाबदार व्यक्तीचं नाव मागितलं. उन्हाचं नाव भरायला रकाना नव्हता. खलाशांनी तोड काढली: टांगतानाच वजन कमी लिहायचं. स्क्रीन हिरवी झाली. सल्लागारांनी त्या हिरव्या स्क्रीनचा फोटो आपल्या पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवला म्हणतात.

मनोरीला हसण्याचं कारण नाही. ज्या मुंबई महापालिकेच्या हद्दीत हे गाव येतं, तिचाही बराचसा कारभार अशाच यंत्रणेवर, म्हणजे सॅपवर, चालतो. तिनं ई-निविदा आणल्या त्या कंत्राटदारांची कोंडाळी फुटावीत म्हणून. आता सगळं उजेडात, ज्याला हवं त्यानं घरबसल्या बोली भरावी. पण बोलीची ती खिडकी कधी उघडायची, हे ठरवणारा माणूस जुनाच होता. काही कामांसाठी ती मध्यरात्रीनंतर, तीही जरा वेळच उघडली जात असल्याचं 2014 साली बाहेर आलं आणि अभियंते निलंबित झाले. पारदर्शक काचेची खिडकी रात्री एक वाजता उघडली तर त्यात काचेचा काय दोष? आणि हे मुंबईलाच जमतं असंही नाही. बर्मिंगहॅमच्या नगर परिषदेनं 2022 साली हिशेबाची नवी यंत्रणा चालू केली आणि परिषदेला स्वतःचेच हिशेब जुळवता येईनात. पुढच्या वर्षी तिनं हात वर केले. थकलेल्या समान वेतनाचा बोजा त्यात होताच, पण नेमका किती पैसा कुठं गेला हे सांगायला भरवशाची वहीही उरली नव्हती.

इकडे मनोरीत खरेदीचा मॉड्यूल चालू झाला. माल आला म्हणजे तो कोणीतरी पुरवलेला असला पाहिजे. पुरवठादाराशिवाय नोंद होईना. बराच खल होऊन 'अरबी समुद्र' पुरवठादार म्हणून नोंदवला गेला. पॅनच्या जागी भाच्यानं दहा शून्यं भरली. नारळी पौर्णिमेला वाहायचा नारळ 'पुरवठादारास आगाऊ रक्कम' या खात्यात बसला. यावर मामा खूश झाले. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच संगणकाला काहीतरी कळलं म्हणाले.

मग 1 जून उजाडला. मासेमारी बंद ती थेट 31 जुलैपर्यंत. संगणकानं पुरवठादाराला दर सोमवारी एक अशी स्मरणपत्रं पाठवली, उत्तर आलं नाही, आणि जुलै संपता संपता नियमाप्रमाणे त्याला काळ्या यादीत टाकलं. ऑगस्टमध्ये होडी भरून आली तेव्हा एकाही पाटीची नोंद होईना. पुनर्विचारासाठी पुरवठादारानं सहीशिक्क्यानिशी खुलासा द्यावा, असं स्क्रीन सांगत होती. भाचा सीप्झला फोन लावत राहिला, तिकडून तिकीट नंबर मिळाला. तोवर मामीनं सगळी मासळी वाटे लावून विकली होती आणि वहीत मांडूनही झाली होती.

सल्लागार पुढच्या आठवड्यात दुसऱ्या टप्प्याचं दरपत्रक घेऊन येणार आहेत. फेरीबोटीचं भाडं वेगळं लावलंय.