भूलतज्ज्ञांच्या निवडणूक निधीस अनावृत पत्र

मा. एएसए-पॅक साहेब,


हे पत्र मुद्दाम अनावृत ठेवलं आहे. बंद पाकिटातून तुमच्याकडे जे येतं त्यात चेक असतो. माझ्याकडे चेक नाही, तेव्हा पाकीट फोडून हिरमोड करून घ्यायचे कष्ट तुम्हाला द्यावेसे वाटेनात.

वाचकांसाठी आधी तुमची ओळख. अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांची अमेरिकन सोसायटी ऑफ अ‍ॅनेस्थेसियोलॉजिस्ट्स नावाची जुनी संघटना आहे. संघटनेने आपल्या तिजोरीतून केंद्रीय निवडणुकीतल्या उमेदवाराला पैसे देणं कायद्यात बसत नाही. म्हणून सभासदांच्या खासगी वर्गणीचा वेगळा गल्ला ठेवायचा आणि त्याला पोलिटिकल अ‍ॅक्शन कमिटी, म्हणजे पॅक म्हणायचं. सभासदाने वर्षाला फार तर ५,००० डॉलर टाकायचे. पॅकने एका उमेदवाराला प्राथमिक फेरीसाठी ५,००० आणि मुख्य लढतीसाठी ५,००० द्यायचे. मिळून १०,०००. आपल्याकडे एवढ्यात नगरसेवकाच्या वाढदिवसाचे फ्लेक्ससुद्धा धड लागायचे नाहीत. डोळ्यांच्या, हाडांच्या, क्ष-किरणांच्या, सगळ्याच डॉक्टरांचे असे गल्ले आहेत (कातडीवाल्यांनी आपल्या गल्ल्याचं नाव स्किनपॅक ठेवलंय, ऐकायला साबण वाटतो), पण त्यांत तुमचं घराणं बड्यांपैकी.

थोरल्या पातीने, म्हणजे अमेरिकन मेडिकल असोसिएशनने, आपला पॅक १९६१ साली काढला. म्हाताऱ्यांसाठी सरकारी विमा आणायचं तेव्हा वॉशिंग्टनमध्ये घाटत होतं. त्याच वर्षी डॉक्टरांच्या बायकांनी शेजारणींना कॉफीला बोलावून रोनाल्ड रेगन नावाच्या नटाची तबकडी ऐकवली. सरकारी औषधपाणी आलं की स्वातंत्र्य गेलंच म्हणून समजा, असा तिचा मथितार्थ. १९६५ साली मेडिकेअर आलंच. स्वातंत्र्य जागच्या जागी राहिलं, डॉक्टरांची मिळकत मात्र वाढली. त्या तबकडीबद्दल पुढे कुणी दिलगिरी व्यक्त केल्याचं ऐकिवात नाही.

तुम्ही मात्र तबकड्या वाजवत नाही, तुमचं काम शांतपणे चालतं. दोन्हीकडून नातं असलेला पाहुणा जसा वधूपक्षालाही आहेर करतो आणि वरपक्षालाही, तसे तुम्ही रिपब्लिकनांनाही देता आणि डेमोक्रॅटांनाही. आरोग्याच्या पैशाच्या नाड्या ज्या समित्यांच्या हातात आहेत, तिथल्या मंडळींवर लोभ जरा जास्त. यात बेकायदा काही नाही, हिशेब जाहीर असतो. कुणीही निवडणूक आयोगाच्या नोंदी उघडाव्यात. २०० डॉलरच्या वर वर्गणी देणाऱ्या प्रत्येकाचं नाव, पत्ता, व्यवसाय आणि मालक तिथे छापलेला दिसतो. व्यवसायाच्या रकान्यात ओळीने भूलतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ. वाचता वाचता डोळा लागतो.

तेव्हा पैसे गोळा करता म्हणून मी रागावले नाही. मला कौतुक वाटतं ते तुमच्या रुग्णसुरक्षेच्या कळकळीचं. बिलाला जिथे धक्का लागतो, नेमकी तिथेच ती उफाळून येते.

नर्सचंच प्रकरण घ्या. अमेरिकेत भूल देण्याचं खास शिक्षण घेतलेल्या नर्स अ‍ॅनेस्थेटिस्ट असतात. खेड्यापाड्यांतल्या कित्येक इस्पितळांत भूल त्याच देतात, कारण तुमच्यापैकी कुणी तिथे राहायला जात नाही. मेडिकेअरचा नियम असा की त्यांच्यावर डॉक्टरची देखरेख हवी. कोणत्या डॉक्टरची? भूलतज्ज्ञच हवा असं नाही, शस्त्रक्रिया करणारा सर्जनही चालतो. म्हणजे ज्याचे दोन्ही हात पेशंटच्या पोटात आहेत, त्याने मान वळवून नर्सच्या यंत्रावर लक्ष ठेवायचं. ही अट काढून टाकायचा निर्णय जानेवारी २००१ मध्ये झाला, सरकार बदललं आणि तो मागे पडला. नोव्हेंबरात नवी तोड निघाली: ज्या राज्याला अट नको असेल, त्याच्या राज्यपालाने तसं पत्र पाठवावं. आयोवाने पहिलं पत्र पाठवलं. २००९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या श्वार्झनेगरसाहेबांनी पाठवलं, तर तिथल्या भूलतज्ज्ञांनी त्यांना कोर्टात खेचलं आणि हरले.

यावर अभ्यास दोन्ही बाजूंनी झाले आहेत. २००० सालचा एक सांगतो की भूलतज्ज्ञाचं निर्देशन असेल तर मृत्यू कमी होतात. २०१० सालचा दुसरा सांगतो की राज्यांनी अट काढली म्हणून काही बिघडलं नाही. या दुसऱ्याचे पैसे नर्सच्या संघटनेने दिले होते. नर्सचाही स्वतंत्र पॅक आहे बरं का, तीही मंडळी काही धुतल्या तांदळाची नाहीत.

पण एक हिशेब तुमच्या पत्रकांत कधी ठळक अक्षरांत दिसत नाही, तो मी इथे मांडते. भूलतज्ज्ञाने एकट्याने केस केली तर मेडिकेअर त्याला पूर्ण फी देतं. नर्सने एकटीने केली तर तिलाही पूर्ण. आणि भूलतज्ज्ञाने नर्सला निर्देशन दिलं तर अर्धी फी त्याला, अर्धी तिला. सरकारच्या खिशातून तिन्ही वाटांनी जातात तेवढेच. आता मेख अशी की असं निर्देशन एका वेळी चार खोल्यांपर्यंत देता येतं. चार अर्धे म्हणजे दोन. एका माणसाला एका वेळी दोन माणसांची फी, अर्थात सात अटी पाळून. या गणितात रुग्णाची सुरक्षा कुठल्या रकान्यात धरायची, ते तुम्हीच सांगा.

२०१६ साली माजी सैनिकांच्या सरकारी इस्पितळांनी प्रगत शिक्षण घेतलेल्या नर्सना डॉक्टरच्या देखरेखीशिवाय काम करू द्यायचं ठरवलं. तुमच्या संघटनेने मोहीमच उघडली. सरकारकडे दोन लाखांहून जास्त सूचना-हरकती आल्या. डिसेंबरात अंतिम नियम निघाला: बाकीच्या नर्सना मोकळीक, भूल देणारीला नाही. सरकारने कारण दिलं तेही वाचण्यासारखं आहे. या नर्सच्या पात्रतेत उणीव आहे म्हणून हा निर्णय नाही, आमच्याकडे भूलतज्ज्ञांची टंचाई नाही म्हणून आहे, असा त्याचा आशय. सुरक्षेच्या नावाने लढाई जिंकलीत आणि निकालाच्या कारणात सुरक्षेचं नावच नाही.

आता बिलाकडे येऊ. शस्त्रक्रियेच्या आधी दोन मिनिटं निळी टोपी घातलेला एक माणूस येतो. तोंड उघडायला लावतो, कवळी आहे का विचारतो, सकाळपासून काही खाल्लंय का विचारतो, सही घेतो. पुढचं काही आठवत नाही. ते आठवू नये हीच त्याची विद्या. काही आठवड्यांनी त्याचं स्वतंत्र बिल येतं. शस्त्रक्रियेच्या अवघडपणाचे ठरावीक युनिट, त्यात दर पंधरा मिनिटांचं एक युनिट मिळवायचं आणि आलेल्या बेरजेला दराने गुणायचं. २०२१ पर्यंत इस्पितळ पेशंटच्या विम्याच्या यादीत, सर्जन यादीत, पण हा टोपीवाला कधीकधी यादीबाहेरचा निघायचा. मग दर त्याच्या मर्जीचा असायचा, आणि विम्याने दिले नाहीत तेवढे पैसे पेशंटला भरावे लागायचे. पेशंटने त्याला निवडलेलं नसतं, भूल चढत असताना निवडताही येत नाही. यादीतल्या इस्पितळांत झालेल्या भुलीच्या सुमारे १२ टक्के केसेसमध्ये असा यादीबाहेरचा डॉक्टर निघाला, असं २०१५ सालच्या आकड्यांवरून संशोधकांनी दाखवलं.

२०१९ मध्ये अमेरिकन काँग्रेसमध्ये दोन्ही पक्षांना या लुटीची लाज वाटली, हे नवलच. उपाय दोन होते. एक, त्या भागातल्या मध्यक दराला बिल बांधून टाकायचं. दोन, विमा कंपनी आणि डॉक्टरने लवादापुढे भांडायचं. पहिला उपाय तुम्हाला मानवेना. त्याच उन्हाळ्यात ‘डॉक्टर पेशंट युनिटी’ नावाच्या कुणीतरी टीव्हीवर जाहिरातींचा पाऊस पाडला, २.८ कोटी डॉलरच्या वर. डॉक्टर कोण, पेशंट कोण, काही कळेना. सप्टेंबरात उघड झालं की पैसे मुख्यत्वे टीमहेल्थ आणि एन्व्हिजन या डॉक्टर पुरवणाऱ्या कंपन्यांचे. त्यांचे तेव्हाचे मालक ब्लॅकस्टोन आणि केकेआर. म्हणजे ना डॉक्टर ना पेशंट, युनिटी तेवढी अस्सल. त्या जाहिराती तुमच्या नव्हत्या हे मान्य, पण गाडी तुमच्याच गावाला चालली होती. डिसेंबरात तडजोड जमत आली, तोच करांचा कारभार पाहणाऱ्या वेज अँड मीन्स समितीचे अध्यक्ष रिचर्ड नील यांनी आपला वेगळा मसुदा पुढे केला आणि बैठक मोडली.

वर्षभराने कायदा झाला, लवादासकट. १ जानेवारी २०२२ पासून पेशंट या भांडणातून सुटला, हे खरं, आणि त्याचं श्रेय घेणाऱ्यांच्या रांगेत तुम्हीही आहात. मात्र तो लागू व्हायच्या दहा दिवस आधी तुमची संघटना, तातडीच्या सेवेचे डॉक्टर आणि रेडिओलॉजिस्ट असे तिघे मिळून सरकारविरुद्ध कोर्टात गेलात. लवादाने मध्यक दराला फार वजन देऊ नये, ही मागणी. सरकारचा अंदाज होता की वर्षाला १७,००० च्या आसपास तंटे येतील. २०२३ मध्ये साडेसहा लाखांच्या वर आले, आणि निकाल लागलेल्या पाचांतले सुमारे चार डॉक्टरांच्या किंवा त्यांच्या कंपन्यांच्या बाजूने. हे पैसे विमा कंपनी काही स्वतःच्या घरून आणत नाही. पुढच्या वर्षीच्या हप्त्यातून ते पुन्हा त्याच पेशंटच्या दारात येतात, फक्त यावेळी पाकिटावर तुमचं नाव नसतं.

तुमचं शिखर मात्र २०२४ चं. अँथम या विमा कंपनीने तीन राज्यांत ठरवलं की भुलीच्या वेळेचे पैसे मेडिकेअरच्या ठोकताळ्यांवरून ठरवायचे, त्यापुढच्या मिनिटांचे नाही. तुमच्या संघटनेने नोव्हेंबरात हाकाटी केली. बघता बघता लोकांच्या मनात चित्र उभं राहिलं की अर्ध्या शस्त्रक्रियेत विमा कंपनीचा माणूस येऊन पेशंटला हलवून उठवणार. वास्तविक करारातल्या डॉक्टरला कापलेले पैसे पेशंटकडून वसूल करता येत नाहीत. कात्री लागणार होती ती तुमच्या मिनिटांना. पण ४ डिसेंबरला न्यूयॉर्कमध्ये दुसऱ्याच एका विमा कंपनीच्या प्रमुखाचा खून झाला, देशभर विमा कंपन्यांवरचा राग उसळला आणि दुसऱ्या दिवशी अँथमने बेत गुंडाळला. विमा कंपनीची कणव यावी अशी वेळ माझ्यावर फार क्वचित येते. ती तुम्ही आणलीत.

चिडू नका, तुमच्याच घरातली एक गोष्ट सांगते. १९८० च्या दशकात भूलतज्ज्ञांवर खटल्यांचा आणि विम्याच्या चढ्या हप्त्यांचा मार होता. १९८२ मध्ये टीव्हीवर भुलीतल्या मृत्यूंवर कार्यक्रम झाला आणि देश हादरला. पुढे तुमच्या संघटनेचे अध्यक्ष झालेले एलिसन पिअर्स यांनी वकिलांच्या नावाने बोटं मोडण्यापेक्षा आपल्या खोलीत काय चुकतंय ते शोधायला घेतलं. १९८५ साली रुग्णसुरक्षेची स्वतंत्र संस्था निघाली, बंद झालेल्या खटल्यांच्या फायली काढून चुका तपासायला सुरुवात झाली, १९८६ मध्ये शस्त्रक्रियेभर पेशंटचा श्वास, ऑक्सिजन, रक्तदाब कसा पाहायचा याचे दंडक ठरले. बोटाला लावायचा तो लाल दिव्याचा चिमटा पुढे खोलीखोलीत पोचला. अपघात कमी झाले आणि हप्तेही उतरले. रुग्णसुरक्षेवर बोलायचा हक्क तुमच्या वाडवडिलांनी असा मिळवला. तुम्ही त्याचं व्याज खाता आहात, आणि आता मुद्दलालाही हात घातलाय.

आता आमच्या इथल्या मराठी मंडळातला एक तरुण बघा. मिरजेला भुलीत एम.डी. झाला, अमेरिकेत येऊन पुन्हा चार वर्षं रेसिडेन्सी केली. आता व्हिसाच्या अटीपायी तीन वर्षं अशा गावात काढतोय, जिथे डॉक्टरांचा तुटवडा आहे. रात्री अडीचला फोन येतो, अडलेल्या बाळंतिणीला पाठीत सुई द्यायला हा निघतो. एच-वन व्हिसावर असल्यामुळे तुमच्या गल्ल्यात एक डॉलरही टाकायला त्याला कायद्याने मनाई आहे. ग्रीन कार्ड आलं की मुभा मिळेल, पण भारतात जन्मलेल्यांची ती रांग तुम्हाला ठाऊक असेलच. थोडक्यात, ज्या खेड्यातल्या पेशंटची काळजी तुमच्या पत्रकांतून ओसंडते, तिथे प्रत्यक्ष हजर असलेला भूलतज्ज्ञ तुमच्या वर्गणीदारांच्या यादीत बसत नाही. तुमची आवाहनं त्याला येत नाहीत, म्हणून तो सुखी आहे.

आवाहनावरून आठवलं. वर्गणी मागताना खाली बारीक अक्षरांत छापावंच लागतं की ती संपूर्ण ऐच्छिक आहे, सुचवलेली रक्कम ही निव्वळ सूचना आहे, आणि दिली नाही म्हणून सभासदावर कुणी डूख धरणार नाही. पुढच्या खेपेला त्याच बारीक अक्षरांत ते चार खोल्यांचं गणितही छापा. जागा फार लागणार नाही.

कळावे. लोभ आहेच, तो आणखी वाढू नये ही विनंती.

आपली,
विम्याचा हप्ता वेळेवर भरणारी एक पेशंट
न्यू जर्सी