उशीवाल्या काकू

सोसायटीच्या फाटकातून करडी हॅचबॅक बाहेर पडते तेव्हा नवा वॉचमन दचकतो. स्टिअरिंगच्या वर त्याला एक टिकली आणि चष्म्याची वरची कड, एवढाच ऐवज दिसतो. जुना वॉचमन खुलासा करतो, "उशीवाल्या मॅडम आहेत. आज उशी धुवायला टाकली असणार."

अशा काकू हल्ली प्रत्येक सोसायटीत एक तरी असतात. उंची चार फूट अकरा, लायसन्स पक्कं, हॉर्न मोजका आणि काखेत उशी. किल्ली विसरून त्या जिन्यातून परत फिरतील, पण उशी विसरणार नाहीत. 'मूर्ती लहान पण कीर्ती महान' हे वाक्य त्यांनी आरटीओच्या टेस्टपासून इतक्या वेळा ऐकलंय, की ते म्हणणाऱ्याला त्या आता लिफ्ट देत नाहीत.

पहिली उशी सोफ्यावरची होती, मऊ, मोरांचा कशिदा काढलेली. बॉनेट दिसायला लागलं म्हणून काकू खूश झाल्या. पण पहिल्याच जोरदार ब्रेकला उशी दबली, काकू पुढे घसरल्या आणि कमरेचा पट्टा पोटावर चढला. हा पट्टा ओटीपोटाच्या खाली, कंबरेच्या हाडांवरच बसायला हवा. अपघाताचा झटका हाडं सोसतात, आतडी सोसत नाहीत. मोर परत सोफ्यावर गेले.

मग पाय पुरावेत म्हणून पाठीला लोड आला. पाय पुरले, पण छाती स्टिअरिंगला टेकायला आली. ह्या स्टिअरिंगच्या पोटात एअरबॅग असते. आपल्याकडे जुलै 2019 पासून नव्या मोटारींना ड्रायव्हरपुढची एअरबॅग सक्तीची आहे. ती डोळ्याचं पातं लवायच्या आत फुगते आणि फार जवळ बसलेल्यालाच इजा करू शकते. म्हणून छातीचं हाड आणि स्टिअरिंगचा मध्य यांत किमान 25 सेंटीमीटर अंतर ठेवायला सांगतात. काकूंची वीत लहान, त्यामुळे त्या एक वीत आणि वर चार बोटं मोजतात. सिग्नलला लाल दिवा असताना छातीपासून स्टिअरिंगपर्यंत वीत टाकणारी बाई दिसली तर शेजारच्या रिक्षावाल्याने गैरसमज करून घेऊ नये.

खरा पेच असा, की वर उचलून बसलं की पाय सुटतो आणि पुढे सरकलं की छाती टेकते. इकडे आड, तिकडे विहीर. हे कोडं शेवटी सोडवलं गादीवाल्याने. काकूंनी त्याला रीबॉन्ड फोमची घट्ट उशी सांगितली, मागे जाड आणि पुढे निमुळती, म्हणजे बूड वर उचललं जातं पण मांडी उचलली जात नाही. खोळ कॉरडरॉयची, कारण रेक्झिन घसरतं. मागे दोन बंद, सीटच्या पाठीला करकचून बांधायला. "पाळण्यात घालायची का?" असं त्याने विचारलं होतं. काकूंनी घासाघीस न करता पैसे दिले. त्यांच्या आयुष्यातला हा एकमेव प्रसंग.

शोरूममध्ये मात्र त्या कुणाचं ऐकत नाहीत. विक्रेता सनरूफ उघडून दाखवत असतो आणि काकू खाली वाकून सीटची उंची वाढवायचा दांडा चाचपडत असतात. "तो वरच्या व्हेरिएंटला येतो मॅडम." स्टिअरिंग वरखाली होतं, पण पुढेमागे? तेही आणखी वरच्याला. म्हणजे आकाश बघायचं की रस्ता, हे पैशावर ठरतं. मग रोजच्या चपला घालून त्या बसतात आणि पूजेसारखा क्रम सुरू होतो: बूड सीटच्या पार मागे, मग उंची, मग क्लच तळापर्यंत दाबूनही गुडघा किंचित वाकलेला राहील इतकीच सीट पुढे, मग पाठ. स्टिअरिंग थोडं खाली, म्हणजे एअरबॅगचं तोंड हनुवटीकडे नाही, छातीकडे. पट्टा गळ्याला काचत असेल तर खांबावरची त्याची कडी खाली. आरसे शेवटी. विक्रेत्याने "सर चालवणार ना?" असं विचारलं की आरसे पुन्हा एकदा.

काकू हटवादी वाटतात खऱ्या, पण बाजू त्यांचीच बरोबर आहे. धडक-चाचण्यांत वर्षानुवर्षं वापरला जाणारा पुतळा सुमारे 175 सेंटीमीटर उंच आणि 78 किलोचा पुरुष आहे. त्याची बुटकी बहीणही आहे, सुमारे दीड मीटरची. अमेरिकेतल्या अगदी ठेंगण्या बायकांच्या मापाने ती घडवली, आणि भारतीय बाईची सरासरी उंची आहे 152 सेंटीमीटरच्या आसपास! तिकडचा अपवाद तो आपल्याकडचा नियम. भारत एनकॅप ही आपली धडक-चाचणी योजना ऑक्टोबर 2023 मध्ये सुरू झाली, तेव्हाही समोरच्या धडकेत ड्रायव्हरच्या जागी बसला तो पुरुषाच्या मापाचाच पुतळा. काकूंना कुणी विचारलं नाही. त्या गेल्याही असत्या, उशी घेऊन.

घरातला पुतळा सहा फुटी आहे. रविवारी तो गाडी नेतो, उशी डिकीत फेकतो, सीट खाडकन मागे ढकलतो आणि आरसे आभाळाकडे वळवतो. सोमवारी सकाळी काकूंचा डावा पाय क्लचच्या शोधात हवेत फिरतो. "अहो, सीट होती तशी का ठेवत नाही?" "होती कशी, ते कुठे लक्षात राहतं?" त्यावर काकूंनी सीटच्या रुळावर आणि पाठीच्या चकतीवर लाल नेलपॉलिशचे ठिपके दिले. महागड्या मोटारींत हीच सोय मेमरी सीट नावाने मिळते.

तेव्हा वाचकहो, नवी गाडी बघायला जाताना घरातल्या सगळ्यात बुटक्या ड्रायव्हरला आधी बसवा, रोजच्या चपलांसकट. आणि कुणाची गाडी मागून नेलीत, तर परत देताना पेट्रोल भरा न भरा, सीट तेवढी ठिपक्यावर आणून ठेवा.