बंब येतोय, गाडी जरा बाजूला घ्या

लातूरच्या गंजगोलाईला १६ रस्ते येऊन मिळतात. म्हणजे आग लागली तर बंबाला आत शिरायला १६ वाटा. त्यांतल्या मोकळ्या किती, ते हातगाडीवाल्यांना आणि ‘दोन मिनिटांत आलोच’ म्हणून चावी खिशात घालून गेलेल्या मोटारमालकांना विचारावं.

वाट मिळत नाही म्हणून अग्निशमन दल रिकामं बसतं, असं मात्र नाही. मांजात कावळा अडकला, बोलवा. विहिरीत म्हैस पडली, बोलवा. जयंतीच्या आदल्या रात्री पुतळा धुवायचाय, बोलवाच. करोनात गल्लोगल्ली फवारणीला हेच. तिकडे नांदेडात विष्णुपुरीचे दरवाजे उघडले की गोदाकाठच्या वस्त्यांत बोट घेऊन हेच, आणि विसर्जनाला घाटावरही हेच. फोन केला की खरोखर येतं असं एखादंच सरकारी खातं असतं. मग उरलेल्या सगळ्या खात्यांची कामं त्यालाच सांगायची, याला आपल्याकडे नागरी विकास म्हणतात.

राहता राहिली आग. तिचा बंदोबस्त कागदावर चोख आहे. २००६ च्या कायद्याप्रमाणे इमारतीची अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचा दाखला मालकानं दर जानेवारीत आणि जुलैत द्यायचा असतो. २०१९ मध्ये सुरतेला क्लासच्या इमारतीत आग लागून २२ जण गेले, तेव्हा क्लासवाल्या गावांना या कायद्याची आठवण झाली. आता ‘लातूर पॅटर्न’च्या एखाद्या क्लासचा जिना चढून बघा. भिंतीवर लाल नळकांडं असतं. ते कसं चालवायचं हे ‘नीट’ला येत नसल्यामुळे कुणी शिकवत नाही. सुटकेचा दुसरा जिना नकाशात आहे. जागेवर झेरॉक्सचं दुकान आहे.

१४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन. १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवायला गेलेले ६६ जवान परत आले नाहीत. २०१६ साली हा दिवस उजाडला तेव्हा लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी होती, आणि मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे येऊन दोनच दिवस झाले होते. त्या आठवड्यात घर पेटलंच तर १०१ लावायचा की रेल्वे चौकशीचा १३९, एवढंच काय ते लातूरकरांना ठरवायचं होतं.