अंधार पडायच्या आत

माझ्या जपानीच्या वहीत एकाच पानावर ‘अ‍ॅज सून अ‍ॅज’ चार वेळा लिहिलेलं आहे. ‘तोतान’पुढे, ‘शिदाई’पुढे, ‘नारी’पुढे आणि ‘या इना या’पुढे. रूपं चार, अर्थ एकच. पुण्यातल्या आमच्या वर्गात बाराही जणांची घरची भाषा मराठी, सेन्सेईंची, म्हणजे शिक्षकांचीही मराठीच, आणि तरी घाईची ही सगळी रूपं आम्ही इंग्रजीतून शिकलो. मला याचा खरोखर राग येतो.

त्या पानाच्या भरवशावर मी निबंधात लिहिलं, ‘त्सुइता तोतान, देन्वा शिमासु’. पोचल्याबरोबर फोन करते, असं म्हणायचं होतं. लाल रेघ आली. ‘तोतान’नंतर आपण ठरवून करायची गोष्ट येत नाही, आज्ञा येत नाही, अवचित घडलेलं तेवढं येतं. शब्द द्यायचा तर ‘त्सुकी शिदाई’. हा नियम मी पाठ केला, विसरले, पुन्हा पाठ केला.

पाठ करायची गरजच नव्हती. ‘बाहेर पडले न पडले तोच पाऊस आला’ असं आपण रोज म्हणतो. पण ‘पोचलीस न पोचलीस तोच फोन कर’ असं शाळकरी पोरही म्हणणार नाही. ते म्हणेल, ‘पोचलीस की फोन कर’. फरक आपल्या जिभेवर आहे. ‘या इना या’मधला ‘इना’ म्हणजे तर चक्क ‘नाही’. झालं की नाही झालं, एवढ्यात पुढचं घडलं. ‘पडले न पडले’ची बांधणी हीच.

‘उची नी’बद्दल जास्त वाईट वाटतं. ‘कुराकु नारानाइ उची नी’ याचा अर्थ पुस्तकात ‘अंधार होण्यापूर्वी’ असा इंग्रजीत दिलेला. मग वाक्यात नकार कशाला, यावर आमचा अर्धा तास गेला. ‘उची’ म्हणजे आतली बाजू. आपल्या घरालाही जपानी माणूस ‘उची’च म्हणतो. अंधार झालेला नाही, त्या वेळेच्या आत. माझी आजी रोज बजावायची, ‘दिवेलागणीच्या आत घरी ये’. तिचं ते ‘आत’ फळ्यावर आलं असतं, तर अर्धा तास वाचला असता.

‘इकानाकेरेबा नारानाइ’चंही तेच. ‘मस्ट गो’ लिहून मोकळे. शब्द सुटे केले तर निघतं ‘न गेल्यास होत नाही’, म्हणजे आपलं ‘गेल्याशिवाय चालायचं नाही’. घाईत जपानी माणूस नुसतं ‘इकानाक्या’ म्हणतो, उरलेलं गिळतो. ‘मस्ट’ घोकलेल्याला ते अर्धं वाक्य ऐकूनही कळत नाही. मला कळलं नव्हतं.

जपानीची परीक्षा जुलैत असते आणि डिसेंबरात. मराठी मुलांना जपानी शिकवणाऱ्या सर्व सेन्सेईंना माझी कळकळीची विनंती आहे: पुढची तुकडी परीक्षेला बसायच्या आत, या रूपांपुढे एकेक मराठी वाक्य लिहून द्या.