फोडणे : पाठ पहिला

मराठीत माहिती सांगतात, कळवतात, जाहीर करतात; पण जी सांगायची नव्हती ती फोडतात. नवशिक्यांनी आधी हे क्रियापद पाठ करावं. नारळ, लाकूड, आमदार आणि गुपित या सगळ्यांना ते चालतं. पैकी आमदारांचा हिशेब वेगळा. 1985 च्या पक्षांतरबंदीत एक तृतीयांश फुटले तर माफ असे. 2003 मध्ये ती सवलत गेली. गुपित मात्र एक तृतीयांश फुटत नाही.

नियम एकच : 'मी फोडलं' असं म्हणू नये. व्याकरणात वाक्य निर्दोष आहे, पण कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. 'फोडणे' सकर्मक, त्याला फोडणारा लागतो. 'फुटणे' अकर्मक, ते आपलं आपण होतं. परीक्षांतल्या गैरप्रकारांविरुद्ध महाराष्ट्रात 1982 पासून कायदा आहे, पण मथळ्यात पेपर फुटतोच, जणू उन्हानं तडकला. (अपवाद 'वाचा फोडणे'चा. प्रश्नाला वाचा फोडणारे नावानिशी, फोटोसकट पुढे येतात.)

आता प्रात्यक्षिक. चुलतबहिणीचं लग्न ठरलं. काकूनं बजावलं, "कुणाला बोलू नकोस, आत्यांना तर मुळीच नको." दुसऱ्या दिवशी आत्या आमच्याकडे पोह्यांना फोडणी घालत होती.

"ठरलं का गं तिचं काही?"

"छे! मला काहीच माहीत नाही."

मोहरी तडतडली. आत्यानं गॅस बारीक केला, हिंग टाकला आणि कढईकडे बघतच म्हणाली, "मुलगा नाशिकचा आहे म्हणे."

"नाशिकचा कुठला, साताऱ्याचा!"

चुकीचं गाव कानावर पडलं की माणसाला राहवत नाही, हे आत्याला पक्कं ठाऊक. विचारण्यापेक्षा चुकीचं सांगावं, समोरचा दुरुस्त करून देतो. शिवाय तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. पोहे संपायच्या आत मामांपर्यंत बातमी गेली होती.

संध्याकाळी काकूचा फोन. "कसं गं फुटलं?"

"काय माहीत," मी म्हटलं, "फुटलं कसं तरी."

इथवर व्याकरण बिनचूक होतं. पण गुपित आपोआप फुटलं तरी खापर कुणाला तरी कुणाच्या तरी डोक्यावर फोडावंच लागतं, तिथे अकर्मक चालत नाही. काकू म्हणाली, "आत्यांना विचारलं मी. त्या म्हणाल्या, तू सांगितलंस."